न्हाणीतले गरम पाणी : हीट पंप एका पेटीतला की दोन भागांचा?



आपल्या टिळकवाडीत, शहापुरात, निपाणीत न्हाणीतला तांब्याचा बंब पहाटे पेटायचा, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. पुढे गीझर आले, गच्चीवर सोलर आले. पण पावसाळ्यात आभाळ दाटले की सोलर नावापुरता उरतो. गॅस गीझर बंद न्हाणीत लावला, तर कार्बन मोनॉक्साइड वासही न देता जीव घेऊ शकतो. घरात म्हातारी माणसे आणि नातवंडे असताना हा विषय नुसता खर्चाचा राहत नाही. म्हणून आज हीट पंपाविषयी बोलू.

हीट पंप हवेतली उष्णता घेऊन पाण्यात सोडतो. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, त्यातलाच हा प्रकार. २०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साध्या विजेच्या गीझरला सुमारे ७ युनिट लागतात. हीट पंपाचे काम साधारण अडीच युनिटांत होते. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असले, तरी आपली थंडी बर्फाची नाही. त्यामुळे तो जानेवारीतही चालतो. दुपारच्या उबदार हवेत चालवला तर वीज आणखी वाचते.

आता निवड. एका पेटीच्या यंत्रात टाकी आणि कॉम्प्रेसर एकत्र असतात. गॅसची जोडणी कारखान्यातच झालेली असते, म्हणून गळतीची भीती कमी. पण त्याला मोकळी हवा हवी. कोंदट खोलीत ते स्वतःच खोली गार करते आणि वीज जास्त खाते. परसात किंवा गच्चीवर पत्र्याखाली जागा असेल, तर हेच सोयीचे.

दोन भागांच्या यंत्रात टाकी न्हाणीजवळ आणि कॉम्प्रेसर बाहेर. गरम पाण्याचा पाइप आखूड राहतो, आवाज घराबाहेर जातो. मात्र गॅसची नळी जागेवर जोडावी लागते, म्हणून कारागीर जाणता हवा. निपाणीकरांनी तर तो बेळगावहून येणार की कोल्हापूरहून, हे पैसे देण्याआधीच विचारावे. आणि बोळ अरुंद असेल, तर बाहेरचा पंखा शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर येऊ देऊ नये. दोन खोल्या गार करणाऱ्या एसीवरून झालेली भांडणे पुरेत!

दोन्हींना लागू अशा तीन गोष्टी. भरलेल्या २०० लिटर टाकीचे वजन दोनशे किलोच्या वर जाते. जुन्या माडीच्या लाकडी तक्तपोशीवर ती ठेवू नये. बोअरचे पाणी जड असेल, तर टाकीतला क्षार आणि अ‍ॅनोड रॉड वेळोवेळी तपासून घ्यावा. आणि हीट पंप सावकाश तापवतो. गौरी-गणपतीला घर भरले की टाकी रिकामी होते, पुन्हा तापायला काही तास लागतात. म्हणून आतमध्ये विजेची जोड-कॉइल असलेलेच यंत्र पाहावे.

थोडक्यात, मोकळी जागा असेल तर एका पेटीचा, जागा अडचणीची पण कारागीर भरवशाचा असेल तर दोन भागांचा. आपण दुकानात जाण्याआधी टेप घेऊन न्हाणी, परसू आणि गच्ची मोजावी, आणि घरात पहाटे सर्वांत आधी आंघोळ करणाऱ्या माणसाला विचारावे.