अनोळखी धावपट्टीची पूर्वतयारी

विमानप्रवासासंबंधी सर्वसाधारण समजूत अशी असते की, विमान एका शहराहून निघते व दुसऱ्या शहरी पोहोचते. मधले आकाश म्हणजे केवळ ओलांडावयाचे अंतर. वैमानिकाच्या लेखी मात्र ते अंतर रिकामे नसते. त्याच्या नकाशावर मार्गाच्या दोन्ही अंगांना काही विमानतळ खुणा करून ठेवलेले असतात. तेथे त्याला जावयाचे नसते. कित्येकदा सबंध नोकरीत तो तेथे एकदाही उतरत नाही. तरीही तेथील धावपट्टी किती लांब आहे, विमानाचा भार ती सोसेल काय, अग्निशामक दल कोणत्या दर्जाचे आहे आणि त्या वेळी हवामान कसे राहील, हे उड्डाणापूर्वी पाहून घ्यावेच लागते. श्रोतेहो, आजचे विवेचन या न उतरावयाच्या विमानतळांविषयी आहे.

अमेरिकेत १९५३ साली असा नियम झाला की, दोन इंजिनांच्या विमानाने, एक इंजिन बंद पडल्यास ६० मिनिटांत गाठता येईल अशा विमानतळापासून दूर जाऊ नये. त्या काळची दट्ट्याची इंजिने पाहता नियम रास्तच होता. जेट इंजिने अधिक भरवशाची ठरली, तेव्हा १९८५ साली परवानाप्राप्त कंपन्यांना ही मर्यादा १२० मिनिटांपर्यंत व १९८८ साली १८० मिनिटांपर्यंत वाढवून मिळाली. महासागर दोन इंजिनांवर ओलांडण्याची वाट मोकळी झाली; पण त्याबरोबरच निघण्यापूर्वी कागदावर करावयाच्या हिशेबाचे महत्त्वही वाढले.

या हिशेबाचा गाभा म्हणजे समान वेळेचा बिंदू. मार्गावरील हे असे स्थान की, तेथून मागचा व पुढचा विमानतळ गाठण्यास सारखाच वेळ लागतो. हा बिंदू अगदी मध्यावर असेल असे वाटते, परंतु वारा त्याला मध्यावर राहू देत नाही. कॅनडाचे गँडर व आयर्लंडचे शॅनन यांमध्ये सुमारे ३,२०० किलोमीटरचा समुद्र आहे. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर आणि पश्चिमेकडून पाठीशी येणारा वारा ताशी १०० किलोमीटर धरला, तर पुढे जाताना वेग ९०० व मागे फिरल्यास ७०० पडतो. म्हणजे गँडरपासून १,४०० किलोमीटरवर आलेल्या विमानाला मागे जाण्यास दोन तास आणि पुढचे १,८०० किलोमीटर कापण्यासही दोनच तास! मध्य १,६०० वर, पण निर्णयाचे स्थान त्याच्या अलीकडे. ते आधीच ठरलेले असल्याने, संकटाच्या क्षणी परतावे की पुढे जावे यावर वाद घालीत बसण्याची पाळी येत नाही.

इंधनाचाही असाच विचार होतो. विमानातील हवेचा दाब नाहीसा झाला तर प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून सुमारे १०,००० फुटांपर्यंत खाली यावे लागते, आणि तेथील दाट हवेत इंधन भराभर खर्च होते. सर्वांत गैरसोयीच्या स्थानी हे घडले तरी जवळचा विमानतळ गाठता येईल, इतके इंधन निघतानाच बरोबर असावयास हवे.

एवढे करूनही कागद आणि डोळा यांत फरक राहतोच. मुंबईकरांना याचे वेगळे सांगावयास नको. जुलै १९५३ मध्ये ब्रिटिश ओव्हरसीज कंपनीचे कॉमेट व सप्टेंबर १९७२ मध्ये जपानचे डीसी-८, अशी दोन मोठी विमाने सांताक्रूझ समजून जवळच्या जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरली. दोन्ही खेपेस प्राणहानी झाली नाही, हे सुदैव. संकट नसताना जर अशी फसगत होते, तर संकटात अनोळखी दिवे पाहून किती होईल? म्हणूनच नजरेला धावपट्टी दिसली तरी तिची दिशा होकायंत्रावरून व रेडिओ साधनांवरून पडताळून पाहण्याची शिकवण दिली जाते. सिम्युलेटर या सराव-यंत्रात बसवून वैमानिकांना ठराविक मुदतीने अशा प्रसंगांतून नेण्यात येते. क्रम ठरलेला असतो: प्रथम विमान उडते ठेवावे, मग दिशा पाहावी, मग बोलावे. रेडिओवरून ‘मेडे’ पुकारणे व ७७०० हा संकेतांक लावणे या गोष्टी त्यानंतरच्या.

परंतु सरावात न आलेला प्रसंग उद्भवला तर? २४ ऑगस्ट २००१ रोजी एअर ट्रॅन्सॅट कंपनीचे ए-३३० विमान टोरांटोहून लिस्बनकडे ३०६ जणांसह चालले होते. उजव्या इंजिनाजवळच्या नळीतून इंधन गळू लागले. दोन्ही बाजूंच्या टाक्यांतील साठ्यात तफावत दिसताच वैमानिकांनी तो समतोल करण्याचा उपाय योजला आणि डावीकडचे चांगले इंधन गळत्या बाजूस जाऊ लागले. इंधनगळतीचा प्रसंग त्यांच्यापुढे ना उड्डाणात आला होता ना सरावात, असे चौकशीत आढळले. ही चूक लहान नव्हे; परंतु तिच्या शेजारीच एक योग्य निर्णय उभा आहे. इंधनाचे आकडे खरे की उपकरणच बिघडले, याचा उलगडा झालेला नसतानाच कॅप्टन रॉबर्ट पिशे व त्यांचे सहवैमानिक यांनी विमान अझोर्स बेटांतील लाजेसकडे वळविले. तेव्हा दोन्ही इंजिने चालू होती. सुमारे अर्ध्या तासाने एक बंद पडले व आणखी १३ मिनिटांनी दुसरे. त्यानंतर ते प्रचंड विमान जवळजवळ १९ मिनिटे केवळ तरंगत आले. पिशे यांना ग्लायडर चालविण्याचा अनुभव होता. धावपट्टीजवळ पोहोचताना उंची जास्त भरली, तेव्हा त्यांनी एक पूर्ण वळसा घेऊन ती कमी केली. विमान नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक वेगाने टेकले, चाके फुटली, काही जण जखमी झाले. पण सर्वजण वाचले. कौशल्याची प्रशंसा झाली ती योग्यच. तथापि वळण्याचा तो निर्णय आकडे पटेपर्यंत लांबला असता, तर कौशल्य दाखविण्यास खाली समुद्राखेरीज काही उरले नसते.

उतरल्यानंतरचाही विचार करावा लागतो, आणि तो बहुधा सर्वांत कमी होतो. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेचे आकाश बंद झाले तेव्हा सुमारे दहा हजार वस्तीच्या गँडरला ३८ प्रवासी विमाने येऊन थांबली. साडेसहा हजारांवर माणसांची निजण्याजेवण्याची सोय गावाने शाळांतून व सभागृहांतून केली. अलास्कातील कोल्ड बे येथे दुसऱ्या महायुद्धात बांधलेली लांबलचक धावपट्टी आहे, आणि गाव मात्र २०१० साली जेमतेम शंभर माणसांचे होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये टोकियोहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एक विमान इंजिनातील बिघाडामुळे तेथे उतरले. त्यातील प्रवासी दीडशेहून अधिक होते. गावात होते त्यांहून जास्त पाहुणे त्या सकाळी दारात उभे राहिले.