राजवाड्यातील अभ्यासिका
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात एखाद्या थोर मराठी पुरुषाचे चरित्र ऐकावयास मिळेल, अशी आपली अपेक्षा असणार. मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते मात्र जन्माने राठोड राजपूत होते. तरीही आपण मराठी माणसे त्यांची ऋणाईत आहोत. ते म्हणजे माळव्यातील सीतामऊ संस्थानचे महाराजकुमार डॉ. रघुवीरसिंह.

हे घराणे रतलामच्या रतनसिंह राठोडांचे. १६५८ साली धर्मातच्या रणात औरंगजेबाशी लढताना रतनसिंह पडले. त्यांचे वंशज केशवदास यांनी १७०१ साली सीतामऊचे राज्य स्थापिले. पुढे माळव्यात मराठ्यांचा अंमल बसला आणि हे छोटे संस्थान शिंद्यांचे खंडणीदार झाले. १८२० साली माल्कमच्या मध्यस्थीने करार झाला, तरी खंडणी सुटली नाही. घराण्यात विद्येचा व्यासंगही होता. एकोणिसाव्या शतकातील राजपुत्र रतनसिंह 'नटनागर' या नावाने काव्यरचना करीत.

अशा कुळात १९०८ साली रघुवीरसिंहांचा जन्म झाला. वडील राजा रामसिंह गादीवर होते. थोरल्या राजपुत्राने शिकार, पोलो आणि विलायतेच्या वाऱ्या यांत दिवस घालविले असते, तर त्या काळी कोणी बोट ठेवले नसते. यांनी सर जदुनाथ सरकारांचे शिष्यत्व पत्करले. १६९८ ते १७६५ या काळातील माळव्यावर प्रबंध लिहून १९३६ साली आग्रा विद्यापीठाची डी. लिट्. मिळविली. त्या ग्रंथाच्या नावातच या कालखंडाला त्यांनी अराजकाचे शतक म्हटले आहे. मराठी कानाला हे नाव खटकते. पण ज्या घराण्याने आपल्याच सरदारांना पिढ्यान्‌पिढ्या खंडणी मोजली, त्याच्या वारसाने आपल्या इतिहासासाठी आयुष्य वेचावे, ही गोष्ट लहान नाही.

कामशेतला राहणाऱ्या रियासतकार सरदेसायांशी त्यांचा स्नेह जडला. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराच्या संपादनात त्यांनी भाग घेतला. फारसी अखबार आणि हस्तलिखिते यांच्या नकला देशोदेशींहून आणवून त्यांनी सीतामऊस संग्रह उभा केला. त्यात कोट्याच्या गुलगुले दफ्तराचाही समावेश झाला. हे गुलगुले म्हणजे शिंद्यांचे कोट्यातील कारभारी. आपल्यासारखेच घरापासून दूर जाऊन राहिलेले एक मराठी कुटुंब! त्यांच्या कागदांना एका राजपूत राजपुत्राच्या ग्रंथालयात आसरा मिळाला.

१९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले. १९५२ ते १९६२ या काळात रघुवीरसिंह याच दिल्लीत राज्यसभेचे सदस्य होते. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे आणि किताब संपले. १९७४ साली, पूर्वज कवीचे नाव देऊन, त्यांनी सीतामऊस श्री नटनागर शोध संस्थान स्थापिले आणि आपला संग्रह अभ्यासकांस खुला केला. १९९१ साली ते निवर्तले. राज्य गेले, किताब गेला. पण स्वतः मिळविलेले जे होते, ते राहिले.

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे खरे तर माझ्याविषयी. दिल्लीत घर बदलताना आमच्याकडील मोडी कागदांचा एक रुमाल मी रद्दीत दिला. वाचता येत नव्हते, जागा नव्हती, आणि कोणी विचारलेही नाही. त्यात काय होते, हे आता कधीच कळणार नाही. सीतामऊचा इतिहास वाचताना त्या रुमालाची आठवण येते आणि मान खाली जाते.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी माळ्यावर एखादी पेटी असेल. आजोबांचा जमाखर्च, एखादे वतनपत्र, गावाकडची पत्रे. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांसाठी एवढीच विनंती करतो : ती पेटी उघडा, आणि तिच्यातील एक तरी कागद मुलांना वाचून दाखवा. मोडी येत नसेल, तर येणाऱ्याला शोधा. परक्या घराण्याने आपले कागद जपले. आपले आपणही जपावे.