दंडशक्ती आणि साक्षीदार



राज्याच्या हाती दंड असावा, हे भारतीय राजनीतिशास्त्राने प्राचीन काळीच मान्य केले. पण त्याला मर्यादाही घातली. अतिकठोर दंडाने प्रजा उद्विग्न होते, अतिसौम्य दंडाने राज्याचा धाक उरत नाही, म्हणून दंड यथायोग्य असावा, असे कौटिल्याचे प्रतिपादन आहे. परंतु आंदोलनाच्या धुमश्चक्रीत दंड यथायोग्य होता की नाही, हे सांगणार कोण? मोर्चेकरी आपली बाजू मांडतील, पोलीस आपली. तिसरा साक्षीदार म्हणजे वार्ताहर. त्याच्यावरच लाठी उगारली गेली, तर समाजाचाच डोळा निकामी होतो.

अमेरिकेत हे अक्षरशः घडले. मे २०२० मध्ये मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर आंदोलन पेटले. २९ मे रोजी सीएनएनचे वार्ताहर ओमर जिमेनेझ यांना थेट प्रक्षेपण सुरू असतानाच बेड्या घालण्यात आल्या. राज्याच्या गव्हर्नरांना जाहीर क्षमा मागावी लागली. त्याच आंदोलनाचे चित्रण करणाऱ्या एका महिला छायाचित्रकाराचा डावा डोळा पोलिसांच्या माऱ्यात कायमचा गेला.

त्याच वर्षी जुलैमध्ये पोर्टलंड येथील संघीय न्यायाधीश मायकेल सायमन यांनी महत्त्वाचा आदेश दिला. जमावाला पांगण्याचा हुकूम झाला तरी आपले काम करणाऱ्या पत्रकाराने तेथून हटलेच पाहिजे असे नाही, हे त्याचे सार. त्यामागील तर्क सरळ आहे. बळाचा वापर हुकुमानंतरच होतो. नेमक्या त्या क्षणी साक्षीदार हटवला, तर उरते काय? २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने अशा संरक्षणाचा कायदाच केला. तरीही जून २०२५ मध्ये त्याच राज्यातील लॉस एंजेलिस येथे एका ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणी प्रतिनिधीला थेट वार्तांकन करताना रबरी गोळी लागली. कागदावरचा नियम शिपायाच्या अंगवळणी पडला नाही, तर तो निष्प्रभ ठरतो, हाच याचा बोध.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा संमत केला. तीन वर्षांपर्यंत कारावास वा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. पण हल्लेखोर गणवेशातला असेल, तर तपास त्याच्याच खात्याकडे जातो. येथे तपास स्वतंत्र अधिकाऱ्याकडे सोपवणे आवश्यक ठरते. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्येच बजावले आहे. बंदोबस्तातही तोच दंडक पाळला जावा.

कर्तव्य एकतर्फी नसते. तासन्‌तास उभा राहून दगड झेलणारा शिपाईही याच समाजाचा पुत्र आहे. वार्ताहराने ओळखपत्र ठळकपणे लावावे, घोषणा देणाऱ्यांत मिसळू नये, पोलिसांच्या वाटेत येऊ नये. मात्र तो कोणत्या विचाराच्या वृत्तपत्राचा, यावर त्याचे संरक्षण अवलंबून असता कामा नये. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात वृत्तपत्रांचा आवाज दाबला गेला, तेव्हा कारागृहांत काय चालले आहे हे घराघरांना कळेनासे झाले होते. ज्यांनी ते दिवस सोसले, त्यांनी तरी प्रतिपक्षाच्या पत्रकारावर पडणारी लाठी पाहून समाधान मानू नये. सत्ता पालटते, रस्त्यावर उतरणारेही बदलतात. साक्षीदाराची गरज मात्र प्रत्येकाला कधी ना कधी पडतेच.