ग्रंथालयाचे दार गावापर्यंत



महाविद्यालयाचे ग्रंथालय म्हणजे परीक्षार्थींची सोय, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. इंटरनेटच्या युगात ती बदलणे अगत्याचे आहे. विशेषतः ताडोबाच्या प्रवेशद्वाराशी वसलेल्या मोहर्लीसारख्या जंगलालगतच्या गावांसाठी.

एकच उदाहरण पुरेसे आहे. वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला. त्याखालील २००८ च्या नियमांनी गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल व नकाशे यांना दाव्याचा पुरावा म्हणून स्थान दिले; गावातील वडीलधाऱ्यांच्या लेखी जबानीलाही दिले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामागे तेथील अभ्यासगटांची दीर्घ परंपरा होती. हक्काला अभ्यासाचे बळ लागते, हा त्याचा बोध होय.

जुन्या गॅझेटियरांपैकी अनेक आज इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. तथापि, उपलब्ध असणे आणि सापडणे यांत अंतर आहे. १९०९ चे जिल्हा गॅझेटियर इंग्रजीत असून त्यावर नाव आहे ‘चांदा’. चंद्रपूर हे जिल्ह्याचे नाव १९६४ च्या सुमाराचे, तर गडचिरोली जिल्हा १९८२ चा. त्यामुळे आजच्या नावाने शोध घेणाऱ्याच्या हाती ते सहज लागत नाही. मोहर्लीचे नाव तर रोमन लिपीत आजही दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते. हे बारकावे जाणणारा ग्रंथपाल येथे गावाचा खरा साहाय्यक ठरू शकतो. ग्रामसभेने मोबाइलवरून प्रश्न पाठवावा. ग्रंथपालाने नेमके पृष्ठ शोधून त्याचा आशय सोप्या मराठीत कळवावा. इतके झाले तरी एक हेलपाटा आणि एका दिवसाची मजुरी वाचेल.

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. ग्रामस्थांना सभासदत्व, आठवड्यातील एक ठरावीक वेळ आणि जेथे नेटवर्क पोहोचत नाही तेथे छापील प्रत, एवढी व्यवस्था पुरेशी आहे. २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात हे दोन्ही जिल्हे येतात. तेथील महाविद्यालयांनी एकत्र येऊन प्रश्न वाटून घेतले, तर कोणा एकावर भार पडणार नाही.

वाचकाचा वेळ वाचवा, असे सूत्र डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयांपुढे ठेवले. मोहर्लीचा शेतकरी, मजूर आणि वाटाड्या हेही वाचकच आहेत, हे मान्य केले की त्या सूत्राचे पालन सुरू होईल.