काजव्याचा आवाज



गेल्या उन्हाळ्यात माझी भाची सांगलीहून माझ्याकडे राहायला आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर तिनं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "मावशी, तुझा जन्म मायक्रोफोनपुढे गेलाय. हे ऐक आणि कुठे कमी पडतंय ते सांग. नुसतं 'छान आहे' म्हणणार असशील तर काहीच सांगू नकोस."

पडद्यावर रात्रीचं रान होतं. करवंदीच्या जाळीवर एक मुलगी बसलेली, पाठीला काजव्याचे पंख. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याकडे झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात, ते पाहून आल्यावर भाचीनं हे पात्र रेखाटलं होतं. ते इंग्रजीत स्वागत करायचं. खाली चार बटणं होती: ओळख, गाणं, खेळ आणि गप्पा. बटण दाबलं की ते बोलणार, आणि आपण जे निवडू त्याप्रमाणे बोलणं पुढे वळणार. आवाज अर्थात भाचीचा. रेनपाय नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात अशा बोलत्या चित्रकथा बांधता येतात. हे सगळं तिनं एकटीनं बांधलं होतं, व्हर्च्युअल स्ट्रीमरच्या ऑडिशनसाठी पोर्टफोलिओ म्हणून.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. २०१६ च्या अखेरीस जपानमध्ये किझुना आय नावाची, संगणकावर घडवलेली मुलगी यूट्यूबवर आली आणि स्वतःला 'व्हर्च्युअल यूट्यूबर' म्हणवू लागली. त्यावरून व्हीट्यूबर हा शब्द रुळला. खरा माणूस कॅमेऱ्यापुढे बसतो, कॅमेरा त्याच्या डोळ्यांची, ओठांची, मानेची हालचाल टिपतो आणि पडद्यावरचं चित्र तसं हलतं. प्रेक्षक प्रश्न लिहीत असतात, पात्र तिथल्या तिथे उत्तर देतं. दोन-दोन, तीन-तीन तास हे चालतं. चित्राच्या आत बसलेल्या माणसाला जपानीत 'नाका नो हितो' म्हणतात, म्हणजे आतला माणूस. आपल्याला हे अगदीच परकं नाही. शब्दभ्रमकार यशवंत पाध्यांचा बाहुला अर्धवटराव पुढे रामदास पाध्यांबरोबर बोलू लागला, तेव्हा बोलतंय कोण हे ठाऊक असूनही आपली नजर बाहुल्यावरच असायची.

होलोलाइव्ह, निजिसांजी ही या क्षेत्रातली मोठी जपानी नावं. तिथे सहसा ऑडिशन घेऊन माणसं निवडतात. निजिसांजीनं २०२० मध्ये भारतासाठी शाखा काढली होती, ती पुढच्याच वर्षी बंद झाली. त्यामुळे तिथे जायचं तर आपल्याकडच्या मुलांना त्यांच्या इंग्रजी शाखांकडे अर्ज करावा लागतो.

मी ते काम आधी एकदा नुसतं ऐकलं. मग हेडफोन लावून, कागद-पेन घेऊन ऐकलं. नंतर विचार केला, परीक्षकापुढे असे ढीगभर अर्ज पडलेले असणार, तो कसा ऐकेल? म्हणून भराभर बटणं दाबत गेले. खरी अडचण तेव्हा सापडली.

वाक्य पडद्यावर उमटायचं आणि त्याच क्षणी आवाज सुरू व्हायचा. मी वाक्य दोन सेकंदांत वाचून मोकळी, बोलणं मात्र सहा सेकंदांचं. पुढे क्लिक केलं की आवाज तिथेच तुटायचा. भाचीनं प्रत्येक वाक्याची गंमत शेवटच्या दोन शब्दांत ठेवली होती. हसू तिथे होतं, आवाज तिथे खुलत होता, आणि मी एकाही वाक्याचा शेवट ऐकला नव्हता. मी म्हटलं, "निदान पहिल्या प्रवेशात अक्षरं काढून टाक. काळोख ठेव, काजवा लुकलुकू दे आणि तू बोल." इतकी मेहनत केलेली अक्षरं काढायची म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. पण तिनं ती काढली.

कागदावर बाकीच्याही नोंदी होत्या. पंखा बंद केला होता, पण फ्रिजची घरघर मागे सतत होती. 'प' आणि 'फ'वर हवेचा फटका बसत होता. मायक्रोफोन तोंडाच्या सरळ रेषेतून जरा बाजूला घेतला की हा फटका जातो. कपड्यांच्या कपाटात तोंड घालून केलेलं रेकॉर्डिंग मऊ आलं होतं, खोलीत केलेलं घुमत होतं, आणि दोन्ही एकाच प्रसंगात शेजारी शेजारी जोडलेली. एका ठिकाणी तर मागे शाळेची घंटा आणि मुलांची प्रार्थना ऐकू येत होती. ती मी तिला लगेच काढायला लावली. आतला माणूस कोण, कुठे राहतो, हे हुडकणारेही असतात, आणि मुलीच्या घराचा पत्ता असा आवाजातून बाहेर जाता कामा नये.

मग मुख्य गोष्ट. काजव्याचा आवाज वरच्या पट्टीतला, लाडिक होता. सातव्या मिनिटाला घसा ओढला जात होता, ते मला स्पष्ट ऐकू आलं. "हा आवाज तीन तास टिकेल का गं?" भाची गप्प बसली.

'गप्पा' या विभागात प्रश्न तिचे, उत्तरंही तिचीच, सगळी घोटून बसवलेली. पण एका उत्तराच्या शेवटी दोन सेकंदांचा तुकडा होता. शब्द अडखळला, ती खळखळून हसली आणि मराठीत म्हणाली, "अगं बाई, परत!" मी तो तुकडा चार वेळा वाजवला.

"ही कोण?"

"मीच. कापायचं राहिलं."

सबंध कामात मला सगळ्यात आवडला तो हाच तुकडा. अशा संस्था निवडलेल्या माणसाला सहसा आपलं पात्र देतात, चित्र त्यांचं, नाव त्यांचं. म्हणजे निवड झाली तर काजवा इथेच राहणार आणि जाणार ही अडखळून हसणारी मुलगी. परीक्षकाला तीच ऐकू यायला हवी.

त्या संध्याकाळी आम्ही चिठ्ठ्या केल्या. वीस चिठ्ठ्यांवर मी मनाला येतील ते प्रश्न लिहिले, रेकॉर्डिंग चालू ठेवून एकेक उचलून विचारला आणि तिनं तिच्या रोजच्या आवाजात, तिथल्या तिथे उत्तरं दिली. एक प्रश्न होता, काजवे पावसाळ्यात जातात कुठे? ती दीड सेकंद थांबली. श्वास घेतल्याचा आवाजही आला. मग म्हणाली, "कंदील दुरुस्तीला टाकायला." आम्ही दोघी हसलो. ते हसू, तो श्वास आणि ती दीड सेकंदाची शांतता, सगळं तसंच ठेवलं. ऑडिशनसाठी तीच उत्तरं तिनं पुन्हा इंग्रजीत दिली आणि तीही एकाच दमात.

'गप्पा' विभागात आता घोटलेली उत्तरं नाहीत, चिठ्ठ्यांची सलग तीन मिनिटं आहेत. पोर्टफोलिओ उघडला की सगळ्यात आधी तीच वाजतात. अर्ज गेला आहे, उत्तर अजून यायचं आहे.

श्रोतेहो, तुमच्याही घरातलं कुणी आपलं काम असं तुमच्यापुढे ठेवेल. ते शेवटपर्यंत ऐका, दोनदा ऐका, आणि जे सांगाल त्यापुढे मिनिट आणि सेकंद लिहून द्या.