परत येणारे आणि न येणारे

दीर्घकाळ चाललेल्या कथामालिकेचा वाढदिवस आला, की त्या निमित्ताने कादंबरी लिहिणाऱ्याची मोठी पंचाईत होते. वाचकाला सारी जुनी मंडळी पुन्हा भेटावयास हवी असतात. पण नुसत्या भेटीगाठींची काही कादंबरी होत नाही. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथांची मालिका १९६३ साली सुरू झाली. तिला वीस वर्षे झाली तेव्हा, १९८३ मध्ये, ‘द फाइव्ह डॉक्टर्स’ हा खास भाग निघाला आणि त्यावरची कादंबरी टेरन्स डिक्स यांनी लिहिली. एकाच नायकाची पाच रूपे एकत्र आणावयाची खरी. परंतु पहिले रूप साकारणारा नट १९७५ मध्येच वारलेला, आणि चौथ्याने येण्यास नकार दिलेला! पहिल्याच्या जागी दुसरा नट उभा राहिला. चौथा मात्र कालप्रवाहात अडकून पडला, अशी योजना करावी लागली. नाइलाजाने केलेली ही युक्तीच त्या साऱ्या समारंभात अधिक मनाला चटका लावते.

मराठीत अशी मालिका नाही, तेव्हा असा सोहळाही नाही. पण परत येण्याचा हाच प्रश्न जयंत नारळीकरांनी ‘वामन परत न आला’ या कादंबरीत अगदी निराळ्या अंगाने मांडला. तिचे घटनास्थळ बंगळूरच्या उत्तरेचे गौरीबिदनूर. शहराच्या दक्षिणेस कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर येथील ३३२ एकरांवर कर्नाटक सरकारच्या ‘केऑनिक्स’ने १९७८ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटीची उभारणी आरंभिली होती, तेव्हा संगणक आणि यंत्रमानव यांची कथा त्या परिसराला परकी नव्हती. लुप्त संस्कृतीची पुरलेली पेटी सापडते, तिच्यातील ज्ञानावरून ‘वामन’ नावाचा यंत्रमानव घडतो, आणि त्या संस्कृतीच्या नाशाचे बीज याच ज्ञानात तर नव्हते ना, अशी शंका डोके वर काढते. पुराणातल्या वामनानेही मागितली होती तीनच पावले! येथे नायकाच्या पुनरागमनाचा उत्सव करण्याची सोयच नाही. तो न परतण्यातच माणसांचे क्षेम आहे.

गंमत अशी, की इंग्रजी अवताराचे नाव ‘द रिटर्न ऑफ वामन’, म्हणजे वामनाचे पुनरागमन. २०१५ मध्ये तो पुन्हा छापला गेला, तेव्हाही हेच नाव राहिले. मराठी शीर्षक मात्र पहिले पान उघडण्यापूर्वीच शेवट सांगून मोकळे होते. आणि तरीही, तो का आला नाही हे कळेपर्यंत पुस्तक खाली ठेववत नाही.