डोंगर कुणाच्या नावावर?



मी मॅट्रिक. गोदीत माल उतरवतो. पेटीवर कंपनीचं नाव असतं, उचलणाऱ्याचं नसतं. किल्ल्यांचंही तसंच. धनी कोण ते पाठ, हात कुणाचे ते गायब.

कर्जतला उतरा, राजमाचीकडे चाला. वर श्रीवर्धन आणि मनरंजन, घाटवाटेवर डोळा ठेवणारे दोन बालेकिल्ले. १८१८ साली इंग्रजांनी घेतले. त्याआधीचे धनी बखरीत वाचा. पण खाली, उल्हासच्या खोऱ्यात, कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. शिवाजीराजांच्याही आधी सतराशे वर्षांची. लाकडी कमानी जशाच्या तशा दगडात उतरवल्यात. आणि दर्शनी भिंतीवर, एका मोठ्या मूर्तीच्या डोक्याजवळ, ब्राह्मीत एक ओळ : कण्हाचा शिष्य बलक यानं हे केलं. राजा नाही, सरदार नाही. करणारा!

तिकडं पेठचा कोथळीगड. सुळक्याच्या पोटातून पायऱ्या कोरून वर नेल्यात. कुणी कोरल्या? तिथं बलक नाही. छिन्नीचे घाव आहेत, नाव नाही.

इंग्लंडात ओल्ड सेरम नावाची टेकडी आहे. लोहयुगातल्या लोकांनी भोवती मातीचा बांध घातला. अकराव्या शतकात नॉर्मन राजानं त्याच बांधाच्या आत किल्ला उठवला. पुढं वस्तीही उठली. तरी त्या ओसाड टेकडीच्या नावानं १८३२ पर्यंत पार्लमेंटात दोन खासदार बसत!

आणि आपल्या खालापूरची इर्शाळवाडी? इर्शाळगडाच्या अंगावर ठाकूर आदिवासींची नांदती वाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. २७ प्रेतं हाती लागली. ५७ माणसं ढिगाऱ्यातच राहिली. गाडीरस्ता नव्हता, यंत्रं चढेनात, हातांनी उकरलं. मग सरकारच म्हणालं, दरडीच्या धोक्याच्या यादीत ही वाडी नव्हतीच.

ओसाड टेकडीला खासदार. भरल्या डोंगराला यादीत एक ओळ नाही.

बलकाला नाव टिकवायला दगड फोडावा लागला. वाडीला फक्त कागद हवा होता. तोही मिळाला नाही.

रविवारी गडावर जाता ना? जा. बुरुजाचा फोटो काढा. पण उतरताना प्रत्येक वाडीत थांबा. नाव लिहून घ्या, घरं मोजा, वरचा उतार बघा. मग तहसील कचेरीत उभे राहा आणि यादी मागा. नाव नसलं तर घालून घेतल्याशिवाय हलू नका.

जयभीम.